तुम्ही पाहिलीत, मी नाही: फिट पाहणाऱ्यांना खुलं पत्र

ज्यांनी कधी ना कधी कुणाला तरी फिट आलेली समोर पाहिली आहे, अशा सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही वर्गावरचे शिक्षक असाल, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारे असाल, प्रवासात योगायोगाने जवळ असलेले कुणी असाल, किंवा त्या माणसाचे आईवडील, जोडीदार, भावंडं असाल. मला एपिलेप्सी, म्हणजे अपस्मार आहे, शाळेत होते तेव्हापासून. एवढ्या वर्षांत मी माझी एकही मोठी फिट पाहिलेली नाही. ती चालू असते तेव्हा मी जागेवर नसते, संपते तेव्हा भोवती घाबरलेले चेहरे असतात, आणि मधल्या दोन मिनिटांचा माझ्याकडे काहीही हिशोब नसतो. माझ्या डॉक्टरांनीही ती पाहिलेली नाही. फिट काही अपॉइंटमेंट घेऊन येत नाही. त्यामुळे माझ्या फाइलमध्ये जे लिहिलेलं आहे त्यातलं बरंचसं तुमच्यासारख्यांनी सांगितलेलं आहे. माझी गोळी कुठली, हेसुद्धा त्यावरून ठरलं. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की एवढ्या तपासण्या असताना बघ्यांना कोण विचारतो. मेंदूचा आलेख काढला की एपिलेप्सी दिसणारच. हान्स बेर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी १९२४ साली पहिल्यांदा नोंदवल्या, १९२९ साली ते काम छापलं, आणि ईईजी, म्हणजे मेंदूचा हा आलेख, जन्माला आला. तो फार उपयोगी आहे, पण साधा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो आणि बहुतेक वेळा दोन फिटांच्या मधल्या शांत काळात काढलेला असतो. एपिलेप्सी असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. उलट, ज्यांना आयुष्यात कधी फिट आली नाही अशा काही थोड्या लोकांच्या आलेखातही संशयास्पद लहरी सापडतात. एमआरआयमध्ये जुना व्रण, गाठ, रचनेतला जन्मजात दोष दिसू शकतो. पण परवा संध्याकाळी झालं ती फिट होती की नुसती भोवळ, हे एमआरआय सांगत नाही. निदान आजही मुख्यतः हकिगतीवर होतं. जाणता न्यूरॉलॉजिस्ट रिपोर्टांचा गठ्ठा बाजूला सारून आधी विचारतो, की झालं तेव्हा जवळ कोण होतं?

मग तुम्ही सांगता. "हातपाय झाडले, तोंडाला फेस आला, डोळे पांढरे केले." खोटं नसतं ते. पण तो शेवट असतो. मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी सुरू झालेल्या फिटा याच एका शेवटाला येऊन मिळू शकतात, आणि उपचारासाठी हवी असते ती सुरुवात. माझ्या बाबतीत कितीतरी दिवस फक्त हा शेवटच सांगितला गेला. एका सहकारी बाईंनी पुढे सहज म्हटलं, "पडायच्या आधी ही बोलता बोलता थांबते, काहीतरी चघळल्यासारखं करते, उजव्या हाताने कपड्याची कड चाचपत राहते, डावा हात मात्र आखडतो. मग मान डावीकडे वळते आणि मग पडते." डॉक्टरांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानशिलाच्या आत असलेल्या भागाकडे बोट दाखवणारा तो पुरावा होता. त्या बाईंना वैद्यकातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी फक्त घाबरून नजर फिरवली नव्हती.

असं नुसतं पाहून केवढं कळतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन. १८७० च्या आसपास, कुठलंही यंत्र हाताशी नसताना, हा इंग्रज डॉक्टर रुग्णांच्या फिटा कुठून सुरू होतात ते बारकाईने नोंदवत होता. अंगठ्यापासून सुरू झालेली थरथर मनगटात, दंडात, मग चेहऱ्यावर अशी ठरावीक क्रमाने सरकते हे त्याने टिपलं आणि त्यावरून तर्क केला की हालचालींचा ताबा ठेवणारे मेंदूतले भाग त्याच क्रमाने शेजारी शेजारी असले पाहिजेत. १८७० मध्येच जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्यांच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून दाखवलं, की मेंदूचा ठरावीक भाग शरीराचा ठरावीक भाग हलवतो. जॅक्सनचं मुख्य साधन होतं रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून बघणं. तेवढं साधन तुमच्याकडेही आहे.

प्रकारांबद्दल थोडं सांगते, कारण काय बघायचं हे त्यावरून ठरतं. मेंदूतल्या पेशी विजेच्या अगदी बारीक संदेशांवर काम करतात. काही पेशींचा गट अचानक एकाच तालात, बेताल प्रमाणात संदेश सोडू लागला की फिट येते. तो गट एका ठिकाणी असेल तर ती फोकल फिट. मेंदूच्या दोन्ही बाजू सुरुवातीपासूनच गुंतल्या असतील तर जनरलाइज्ड. एपिलेप्सीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आयएलएई) २०१७ साली केलेल्या वर्गीकरणाचा पहिला प्रश्नही हाच आहे, की सुरुवात कुठे झाली? कळलं नसेल तर 'अज्ञात' असा तिसरा कप्पा आहे. तो कप्पा बऱ्याचदा तुमच्या गप्प राहण्यामुळे भरतो.

फोकल फिट कशी दिसेल ते जागेवर अवलंबून असतं. हालचालीच्या भागात असेल तर एक हात किंवा अर्धा चेहरा उडतो. दृष्टीच्या भागात असेल तर रंगीत ठिपके दिसतात. कानशिलाकडच्या भागात असेल तर पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, नसलेला वास येतो, हे सगळं आधी घडून गेलंय अशी विलक्षण खात्री वाटते. याला 'पूर्वसूचना' म्हणतात, पण ही सूचना वगैरे नसते. फिट सुरू झालेली असते, फक्त अजून लहान असते. कधी ती तिथेच विरते. कधी पसरते आणि माणूस जागा दिसूनही हजर राहत नाही: टक लावून बघतो, ओठ चाटतो, बटणांशी चाळा करतो, उठून चालायला लागतो. लोक याला दारू प्यायलाय, वेड लागलंय, उद्धटपणा करतोय, असं काहीही म्हणतात. मिनिट-दोन मिनिटांत ते ओसरतं आणि मागे गोंधळलेपण राहतं.

आता शिक्षकांनी जरा कान द्यावा. चार ते दहा वर्षांच्या आसपासचं मूल वाचता वाचता मध्येच थांबतं, पाच-दहा-पंधरा सेकंद डोळे शून्यात, पापण्या किंचित फडफडतात, आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढचा शब्द वाचतं. असं दिवसातून कितीतरी वेळा होतं. त्याला लक्ष नाही म्हणून शिक्षा होते. ही अ‍ॅब्सेन्स फिट असू शकते. स्वप्नात रमलेल्या मुलाला हाक मारली, खांद्याला हात लावला की ते भानावर येतं. अ‍ॅब्सेन्समध्ये येत नाही. वाक्य अर्धवट तुटतं हीसुद्धा मोठी खूण आहे, कारण रमलेलं मूल सहसा स्वतः बोलत असताना रमत नाही. बोस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ साली या फिटांचा आलेख प्रसिद्ध केला: सेकंदाला तीन या वेगाने येणाऱ्या टोकदार लहरी. डॉक्टर मुलाला दोन-तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात आणि पुष्कळदा फिट तिथेच खोलीत येते. म्हणजे निदान अवघड नाही. अवघड आहे ते कुणीतरी पालकांना सांगणं.

किशोरवयात आणखी एक प्रकार असतो, त्याची हकिगत तर कुणी सांगतच नाही. सकाळी उठल्यावर तासाभरात हात अचानक उडतात. दात घासायचा ब्रश हातातून फेकला जातो, कप सांडतो. घरात "धांदरट आहे नुसती" एवढंच बोललं जातं. मग अभ्यासाच्या जागरणानंतर एक दिवस मोठी फिट येते आणि सगळे तिच्याबद्दलच बोलतात. सकाळचे ते झटके सांगितले गेले नाहीत, तर डॉक्टर फोकल समजून कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन लिहून देण्याची शक्यता असते. फोकल फिटांवर ही जुनीजाणती, चांगली औषधं आहेत. पण सकाळचे झटके आणि अ‍ॅब्सेन्स यांत ती आजार वाढवू शकतात. गोळी वेळेवर घेऊनही फिटा वाढत जातात आणि दोष गोळी घेणाऱ्यावर येतो. सांडलेल्या कपाची गोष्ट डॉक्टरांना सांगण्याइतकी महत्त्वाची असते, हे घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

एका बापाने मात्र अशी गोष्ट सांगितली होती. विल्यम जेम्स वेस्ट या इंग्रज डॉक्टरने १८४१ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला आपल्या तान्ह्या मुलाबद्दल पत्र लिहिलं. मूल मान पुढे टाकून वाकतं, पुन्हा सरळ होतं, पुन्हा वाकतं. असे झटके लागोपाठ, दिवसातून अनेकदा. लंडनच्या नामांकित डॉक्टरांना दाखवूनही उपाय सापडेना, म्हणून त्याने व्यवसायबंधूंना जाहीरपणे विचारलं. त्या आजाराला आज वेस्ट सिंड्रोम म्हणतात. तो बहुधा पहिल्या वर्षातच, तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान दिसतो. झटके झोपेतून उठल्यावर झुबक्याने येतात आणि पाहणाऱ्याला वाटतं की बाळाच्या पोटात दुखतंय किंवा ते दचकतंय. आता त्यावर एसीटीएच किंवा स्टेरॉइड आणि व्हिगाबॅट्रिन ही औषधं आहेत. आठवडे वाया गेले तर बाळाची वाढ मागे पडण्याचा धोका वाढतो. तान्हं मूल एकसारखं, ओळीने दचकत असेल तर मोबाइलवर टिपून त्याच दिवशी दाखवा.

रात्रीच्या फिटा हा वेगळाच विषय. मेंदूच्या पुढच्या भागातून येणाऱ्या फिटांमध्ये माणूस झोपेतून ताडकन उठतो, ओरडतो, सायकल चालवल्यासारखे पाय मारतो, आणि अर्ध्या मिनिटात शांत होतो. एका रात्रीत असं अनेकदा होऊ शकतं. भीतीचं स्वप्न, नाटक, अंगात येणं, काय काय नावं मिळतात त्याला! ईईजीतही त्या पुष्कळदा नीट पकडल्या जात नाहीत. दर वेळी हुबेहूब तेच घडतं, ही त्यांची ओळख. स्वप्नं इतकी काटेकोर नसतात.

आणि फिटेसारखं दिसणारं सगळं फिट नसतं. रक्तदाब घसरून भोवळ आली तर माणूस पांढराफटक पडतो, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, सैल पडून कोसळतो. पडल्यावर हातापायांना चार झटके बसणं यातही अगदी सर्रास दिसतं, पण अर्ध्या मिनिटात तो ओळखून बोलायला लागतो. मोठ्या फिटेत अंग आधी ताठ होतं, छातीतली हवा जोराने बाहेर पडून कधी विचित्र आवाज निघतो, ओठ काळेनिळे होतात, मग लयीत झटके, मग घोरल्यासारखा श्वास, आणि भान यायला वेळ लागतो. जिभेची कड चावलेली असते, दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं. मनावरच्या ताणातून येणाऱ्या झटक्यांमध्ये डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, झटके थांबून थांबून पुन्हा सुरू होतात, बराच वेळ चालतात. ही माणसं सोंग करत नसतात, एवढं कृपा करून लक्षात ठेवा. त्यांना उपचार हवाच असतो, पण तो समुपदेशनाचा. एपिलेप्सीच्या गोळ्यांचा त्यांना उपयोग नसतो, तरी चुकीच्या हकिगतीपायी कित्येक जण वर्षानुवर्षं त्या घेत राहतात.

म्हणजे पाहायचं काय? मला विचाराल तर सगळ्यात आधी घड्याळ. बघणाऱ्याला दोन मिनिटं दहा मिनिटांसारखी वाटतात. "बराच वेळ चालली होती" या वाक्याने कुणाचंच काही कळत नाही. मग सुरुवात: तो काय करत होता, काही म्हणाला का, मान कुठे वळली, आधी कुठला हात ताठ झाला, डोळे उघडे होते की मिटलेले, रंग कसा होता. आणि संपल्यानंतरची दहा मिनिटं, जी बहुतेक लोक सोडून देतात. बोलता येत होतं का? समोरच्या वस्तूचं नाव सांगता येत होतं का? एखाद्या बाजूचा हात थोडा वेळ लुळा होता का? हे शेवटचं रॉबर्ट बेंटली टॉड या लंडनच्या डॉक्टरांनी १८४९ मध्ये नोंदवलं होतं आणि आजही ते फिट मेंदूच्या कुठल्या बाजूला उगवली हे सांगतं. उजवा हात लुळा, तर डावी बाजू.

मदतीबद्दल थोडक्यात, कारण खरं काम थोडंच असतं. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, टोकदार आणि गरम वस्तू दूर करा, गळ्याभोवतीचं सैल करा, झटके थांबले की कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तुमच्या जोराने फिट थांबत नाही, खांदा मात्र निखळू शकतो. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही. दात तुटतात, आणि बोट घालणाऱ्याचं बोटही. नाकाशी काही धरून फिट लवकर जात नाही; ती तिच्या वेळेने जाते आणि श्रेय ज्याच्या हातात काहीतरी होतं त्याला मिळतं.

पाच मिनिटं ही मर्यादा मात्र पाठ करून ठेवा. एवढ्या वेळात मोठी फिट थांबली नाही तर ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, आणि मेंदूतल्या ज्या जागांवर औषध पकड घेतं त्या घटत गेल्यामुळे औषधही कमी लागू पडतं. अर्ध्या तासाच्या पुढे मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. म्हणून पाच मिनिटं झाली, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, पाण्यात आली, गरोदर बाईला आली, डोक्याला मार लागला किंवा आयुष्यातली पहिलीच असली, तर रुग्णवाहिका बोलवा. काही जणांना डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकातला फवारा दिलेला असतो. तो कुठे असतो आणि कसा मारायचा हे आधीच विचारून ठेवा. बाकी वेळी एपिलेप्सी ठाऊक असलेल्या माणसाला प्रत्येक फिटेनंतर हॉस्पिटलात न्यायची गरज नसते. मला तेव्हा फक्त झोपायचं असतं.

"पण झालं कशामुळे?" हे तुम्ही नेहमी विचारता, आणि बहुतेक वेळा उत्तर तुमच्या मनात ठरलेलं असतं: टेन्शन, उपास, कुणाची तरी नजर. कारणं खरी वेगळीच असतात. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणं, डोक्याला मार, मेंदूज्वर, गाठ, मेंदूच्या घडणीतला दोष, जनुकांतला बदल. उतारवयात नव्याने सुरू झालेल्या फिटांमागे पक्षाघाताचा हात सगळ्यात मोठा असतो. जगाच्या मोठ्या भागात डुकरांतल्या पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसणं हे ठळक कारण आहे. त्याची अंडी दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात, त्यामुळे मांस न खाणाऱ्यालाही तो होतो. तरीही साधारण निम्म्या लोकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. कुणालाही शिवून, उष्टं खाऊन हा आजार लागत नाही हे आज पुन्हा लिहावं लागतं याचा मला कंटाळा आहे, तरी लिहिते.

एकदा फिट आली म्हणजे एपिलेप्सी झाली असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार दहापैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी फिट येते. एपिलेप्सी असणारे मात्र जगभरात सुमारे ५ कोटी आहेत. साखर किंवा सोडियम फार खाली गेलं, दारूचं व्यसन एकदम सोडलं, ताज्या दुखापतीनंतर, अशा वेळी येणारी फिट त्या त्या कारणाची असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात येणारी फिटही बहुतांशी निरुपद्रवी असते. उघड कारण नसताना, चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन फिटा आल्या तर एपिलेप्सी म्हणतात. किंवा एकच आली पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता निदान ६० टक्के आहे असं तपासण्यांवरून दिसलं तर.

औषधांचा इतिहास तसा जुना आहे. लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली ब्रोमाइडचा उपयोग सांगितला, १९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फिनोबार्बिटल आणलं, १९३८ मध्ये मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन. आज वीसहून जास्त औषधं आहेत. योग्य निदान आणि नियमित औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटांपासून मुक्त राहू शकतात. जवळजवळ निम्म्यांना पहिलंच औषध लागू पडतं. यातला 'योग्य निदान' हा भाग तुमच्याकडे आहे, असं मी म्हणते आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा तुमचा वाटा जास्तच मोठा आहे. प्रकार नक्की कळला नाही की सगळ्या प्रकारांवर चालणारं औषध द्यायची प्रवृत्ती होते, आणि त्यात व्हॅल्प्रोएट हे जुनं, प्रभावी नाव आहे. पण गरोदरपणात ते घेतलं तर सुमारे दहांतल्या एका बाळात जन्मजात व्यंग दिसतं, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. काही जणींना त्याशिवाय पर्याय नसतो, तो निर्णय त्या आणि त्यांच्या डॉक्टरांनी विचारपूर्वक घ्यायचा असतो. परंतु फोकल फिटा असलेल्या मुलीला ते केवळ 'हातपाय झाडले' एवढ्याच माहितीवर मिळणं मला पटत नाही. मी लॅमोट्रिजिनवर आहे. तेही बिनत्रासाचं नाही: अंगावर गंभीर पुरळ येऊ नये म्हणून डोस हळूहळू चढवावा लागतो, आणि गरोदरपणात रक्तातलं प्रमाण उतरतं. पण निवडायला वाव होता, तो त्या सहकारी बाईंच्या वाक्यामुळे. आणि हे वाचून कुणी स्वतःहून गोळी बंद करू नये. औषध एकदम तोडणं हे सलग फिटा ओढवण्याचं हमखास कारण आहे.

दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिटा थांबल्या नाहीत, तर तिसऱ्या-चौथ्या औषधाची आशा फार उरत नाही, आणि शस्त्रक्रिया होऊ शकते का हे तपासायला हवं. कानशिलाकडच्या भागातल्या फिटांवर कॅनडात झालेली एक चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या गटात वर्षाअखेर ५८ टक्के लोक भान हरपवणाऱ्या फिटांपासून मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. तरीही लोकांना तिथवर पोचायला वर्षानुवर्षं लागतात. ज्यांना शस्त्रक्रिया जमत नाही त्यांच्यासाठी मानेतल्या व्हेगस चेतातंतूला उत्तेजन देणारं यंत्र आहे, आणि मुलांमध्ये विशेष उपयोगी ठरणारा, भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्ट पदार्थांचा किटोजेनिक आहार आहे. तो १९२१ पासून चालत आला आहे.

आता घरच्यांना थोडं कडू. फिटांची संख्या कमी करून सांगणारे तुम्हीच असता. नोकरी जाईल, लग्न मोडेल, डॉक्टर रागावतील, ही भीती मला कळते. पण "नाही हो, तशी ठीक आहे" ऐकून डॉक्टर डोस तोच ठेवतात. शिवाय एक गोष्ट अशी आहे जी आमच्यापासून आणि तुमच्यापासून पुष्कळदा लपवली जाते. एपिलेप्सी असलेल्या प्रौढांपैकी वर्षाला सुमारे हजारात एकाचा अचानक मृत्यू होतो, बहुधा झोपेत, पालथं असताना, मोठ्या फिटेनंतर, जवळ कुणी नसताना. ज्यांच्या मोठ्या फिटा आटोक्यात नाहीत त्यांना धोका सगळ्यात जास्त. त्या थांबल्या की तो बराच उतरतो. लपवलेली फिट ही उपचार न झालेली फिट असते.

राहता राहिला मोबाइल. काढा व्हिडिओ, जरूर काढा. एकाने सांभाळावं, दुसऱ्याने टिपावं. चेहरा आणि पूर्ण शरीर दिसू द्या, पांघरूण काढा, मधूनमधून नाव घेऊन हाक मारा म्हणजे प्रतिसाद आहे की नाही ते त्यात येईल, आणि झटके थांबल्यावर लगेच बंद करू नका. मग तो त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना द्या आणि तुमच्या फोनमधून पुसून टाका. तो कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये, सहानुभूतीच्या चार ओळी जोडूनसुद्धा नाही. ती माझी वैद्यकीय कागदपत्रं आहेत, आणि त्यात बहुधा माझे कपडे ओले झालेले असतात.

तुमच्यापैकी कुणी गेल्या काही दिवसांत एखादी फिट पाहिली असेल तर हे वाचून झाल्यावर कागद घ्या आणि आठवतं तेवढं लिहून काढा. तारीख, वेळ, आधी काय चाललं होतं, कुठून सुरू झालं, किती चाललं, नंतर काय. जे पाहिलं नाही तिथे 'पाहिलं नाही' असंच लिहा. अंदाजाने भरलेली जागा डॉक्टरांना चुकीच्या दिशेला नेते. तो कागद त्या माणसाच्या हातात द्या. त्याला विचारायला संकोच वाटतो.

कळावे,
आपली,
तुम्ही पाहिलेल्यांपैकी एक